चिंचवड ते चाकण, भैरवीसकट

आमच्या ऑफिसातले लोक लडाखला जातात, अंदमानला जातात आणि मग महिनाभर जेवणाच्या सुट्टीत आपल्याला फोटो दाखवतात. मी गेल्या शनिवारी चिंचवडहून चाकणला जाऊन आलो. फोटो एकही काढला नाही. पण सकाळी साडेआठला निघालेला माणूस दिवेलागणीला घरी पोचला आणि बूट न काढता सोफ्यावर आडवा झाला, तेव्हा त्याला प्रवास म्हणायला हरकत नसावी. म्हणून लिहून ठेवतो.

प्रवासी दोघे. मी, वय अठ्ठेचाळीस, आणि माझे वडील आप्पा, वय अठ्ठ्याहत्तर. आप्पा पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. शिफ्ट असेल तसं लोखंड कातायचं आणि दर एकादशीला पहिली शिफ्ट सुटली की थेट कामगार वसाहतीच्या हॉलवर जाऊन भजन म्हणायचं, असं त्यांचं तीस वर्षं चाललं. त्या भजनाचे ते बुवा, म्हणजे मुख्य गाणारे. मृदंगाला बबनराव. बबनराव बीडकडचे, पोटासाठी इकडे आलेले, आप्पांच्याच शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, ग्राइंडिंगवर. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तरच तो घुमतो. त्यामुळे एकादशीला बबनरावांच्या डब्यात साबुदाण्याच्या खिचडीशेजारी ओल्या फडक्यात बांधलेला कणकेचा गोळा असायचा. गेटवरचा नवीन वॉचमन डबा उघडून विचारायचा, हे काय, आणि बबनराव म्हणायचे, हे माझ्या डाव्या हाताचं जेवण.

गेल्या वर्षी बबनरावांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांना खाली मांडी घालून बसता येत नाही, आणि ऐकूही कमी येतं. चाकणला मुलीकडे असतात. मुलगी सुनंदा तिथल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. कंपनीने नवा प्लांट गुजरातमध्ये टाकला आणि सुनंदाची बदली झाली. येत्या मंगळवारी ती जाणार आणि बबनरावही तिच्याबरोबर कायमचे जाणार. हे फोनवर कळल्यावर आप्पा दोन दिवस कपाट उपसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून एक कॅसेट काढून माझ्यापुढे ठेवली.

वसाहतीतल्या कोणी हौशी माणसाने टेपरेकॉर्डर समोर ठेवून एका एकादशीचं अख्खं भजन त्यात भरून घेतलं होतं. आप्पांचा आवाज आणि बबनरावांचा मृदंग असं एकत्र आता तेवढंच उरलं आहे. आप्पांचं म्हणणं असं, की बबन जायच्या आधी त्याच्याशेजारी बसून हे एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं.

"फोनवर ऐकवू की," मी म्हणालो.

"फोनात बबनचा डावा हात ऐकाया येतो का? नुसतं टिकटिक, टिकटिक. न्हाई. तुज्या गाडीत ऐकवायचं. पुढच्या शिटावर त्याला बसाया पण यील."

यात खोट काढता येईना. गाडी बारा वर्षांची, पण घेतली तेव्हा मला गाण्यांची हौस होती आणि दारांत मोठे स्पीकर बसवून घेतले होते. हौस गेली, स्पीकर राहिले. स्टिरिओ जुना आहे, त्याला फोन जोडता येत नाही, पेन ड्राइव्ह मात्र चालतो. मी रात्री जागून कॅसेटचे अकरा तुकडे केले, अकरा फाइली झाल्या, त्या पेन ड्राइव्हवर टाकल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. भजनाला क्रम असतो. आधी नमन, मग रूपाचे अभंग (देवाच्या रूपाचं वर्णन), मग उपदेशाचे, मग गौळण आणि शेवटी भैरवी. भैरवी झाली की टाळ खाली ठेवायचे आणि उठायचं. भैरवीनंतर कोणी काही म्हणत नाही. कितीही रंगलेलं असो, भैरवी म्हणजे आता आपापल्या घरी जा.

आणि माझी नोकरी क्रम लावण्याचीच आहे. गाड्यांच्या कारखान्यात लाइनवर पांढऱ्या गाडीमागून लाल यायची की निळी, कुठली सीट कुठल्या गाडीला कितव्या मिनिटाला भेटायची, हे मी आठवड्यातून सहा दिवस ठरवतो. त्याच सवयीने प्रत्येक फाइलीला नंबर दिला, पुढे नाव लिहिलं, नंबर दोनदा तपासले. अकरा अभंग म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ होता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आप्पा आंघोळ करून, टोपी घालून, टाळांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी पेन ड्राइव्ह लावला. स्टिरिओवर एकचा आकडा उमटला आणि स्पीकरमधून भैरवी सुरू झाली.

"हे काय?" आप्पा म्हणाले.

"थांबा. चुकून झालं असेल."

बंद केलं, चालू केलं. पुन्हा एक नंबर, पुन्हा भैरवी. पुढच्या गाण्यावर नेणारं बटण माझ्या गाडीत केव्हाच आत रुतून बसलंय, त्यामुळे ढकलून पुढे जायची सोय नाही. म्हटलं, निघू तर, वाटेत बघू. स्टिरिओ बंद करायला हवा होता, पण चिंचवड स्टेशनजवळ एक पीएमटी बस माझ्या अंगावर आली आणि तिच्यापासून गाडी वाचवण्यात ते राहून गेलं.

नाशिक फाट्याच्या सिग्नलला भैरवी संपली. आप्पांनी हात जोडले, टाळांची पिशवी काखेत मारली आणि गाडीचं दार उघडलं.

"आप्पा! कुठे?"

"भैरवी झाली. उठलो."

मागे कंपनीच्या बसचा हॉर्न, उजवीकडे डंपर, सिग्नल हिरवा, आणि माझा बाप एक पाय रस्त्यावर ठेवून उभा. ते चिडले होते हे खरं, पण त्यात निम्मी गंमतही होती, हे मला त्यांच्या मिशीवरून कळलं. पण गंमत सोसण्याची ताकद माझ्यात नव्हती. आठवडाभर दोन पुरवठादारांचे पार्ट उशिरा येत होते आणि रोज रात्री अकरापर्यंत मी फोनवर होतो. मी ओरडलो. आप्पा बसले. 

भोसरीत गाड्यांच्या सजावटीचं एक दुकान उघडं दिसलं. बाहेर सीट कव्हरं टांगलेली, आत गल्ल्यावर एक जाडजूड गृहस्थ वडापाव खात बसलेले. त्यांनी वडापाव तसाच हातात घेऊन माझ्या गाडीत डोकं घातलं.

"राव, हे अजून चालतंय? म्युझियममध्ये द्या हे."

"फाइली क्रमाने वाजत नाहीत. अकरावी आधी वाजते."

"सिंपल आहे, भाऊ. एकच्या आधी शून्य नाही टाकलं तुम्ही. शून्य एक, शून्य दोन असं लिहा. नाहीतर ते येडं होतं. दहा-अकराला पुढं घेतं."

ऑफिसचा लॅपटॉप माझ्याबरोबर सुट्टीच्या दिवशीही असतो, ही माझ्या आयुष्याची शोकांतिका त्या दिवशी उपयोगी पडली. बॉनेटवर लॅपटॉप ठेवून मी नऊ फाइलींना शून्यं दिली. लावलं. एक नंबर, भैरवी.

"मग सगळं पुसा आणि परत भरा," गृहस्थ म्हणाले.

पुसलं. अकराच्या अकरा फाइली वरून खाली निवडल्या, धरल्या, ओढल्या, सोडल्या. लावलं. भैरवी.

"मग सेट गेलाय. नवीन टाका, मोठ्या स्क्रीनवाला. मागचा कॅमेरापण येतो त्यात. दोन तासांत बसवतो."

आप्पा आतून म्हणाले, "मागचा क्यामेरा काय करायचाय? आमाला मागचंच ऐकायचंय."

गृहस्थ मनापासून हसले. आप्पांना त्यांनी चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. चांगला माणूस होता. पण माझं घोडं कुठे पेंड खातंय, ते त्यालाही कळलं नाही.

पुढचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी सुखात राहावं. भोसरी ते मोशी म्हणजे एकामागे एक ट्रेलर. काही ट्रेलरांवर नव्या कोऱ्या गाड्या चढवलेल्या होत्या, त्यांतल्या तीन-चार आमच्याच कारखान्यातल्या. पांढरी, पांढरी, लाल, निळी. मीच लावलेला क्रम माझ्यापुढे तासाला पाच किलोमीटरच्या वेगाने चालला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मोशीत रस्त्यालगत उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. आप्पा एकेकीकडे बोट दाखवून इथे कोणाची ज्वारी होती, इथे कोणाचा ऊस होता, ते सांगत होते. त्यांचं मूळ गाव मावळातलं, पण या पट्ट्यात त्यांच्या आत्या दिल्या होत्या. एका टपरीवर आम्ही पोहे खाल्ले. पोह्यांवरची शेव नरम पडलेली होती. तिथे मी भैरवीच्या नावापुढे नव्व्याण्णव लिहून पाहिलं. वाटलं, आता तर ती मागे जाईलच. एक नंबर, भैरवी. कपाळाला हात लावला.

"दिनू," आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुला न्हाई जमत तर न्हाई. आमी नुसतं बोलत बसू."

ते चिडून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. ते समजूत घालत होते. मी दहावीला गणितात नापास झालो तेव्हा हाच आवाज होता. मला फार वाईट वाटलं. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातली ही एक, आणि ती माझ्या धंद्यातली होती.

इंद्रायणीच्या पुलावर गाडी इतका वेळ थांबली, की मी खाली पसरलेली जलपर्णी नीट बघितली. लांबून शेत वाटतं. चिंबळी, कुरुळी, आळंदी फाटा. कंपन्यांच्या भिंती, भिंतींना लागून टपऱ्या, टपऱ्यांना लागून ट्रक. चाकण आलं हे पाटी वाचायच्या आधी नाकाला कळतं, कारण वाऱ्याबरोबर कांद्याचा वास यायला लागतो. शनिवार बाजाराचा दिवस. कांद्याची आवक (बाजारात येणारा माल) जोरात होती आणि टेम्पो, ट्रॅक्टर, पिकअप अशी रांग बाजाराच्या गेटपासून सुनंदाच्या दारापलीकडे गेली होती.

सुनंदाची जागा तळमजल्यावर आहे, दोन खोल्या. खोल्यांत सगळीकडे पुठ्ठ्याचे खोके, आणि प्रत्येकावर जाड अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं. मधल्या मोकळ्या जागेत खुर्चीवर बबनराव बसले होते. शेजारी वॉकर. एवढा धिप्पाड माणूस, पण सदऱ्यात हरवल्यासारखा दिसत होता.

"बुवा, या या. किती उशीर करायलास?"

"हा दिनू वाटंत भजन करीत होता," आप्पा म्हणाले.

दोघांनी हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मंगळवारचा विषय कोणी काढला नाही. सुनंदाने धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट, थालीपिठाच्या जातीचे) आणि दही आणून ठेवलं. सामान बांधून तिचे डोळे ओढले होते. माझ्यासारखीच दमलेली दिसली, आणि दमलेल्या माणसाला दमलेल्या माणसाशी बोलायला बरं वाटतं. मी तिला सगळी कर्मकहाणी सांगितली. नंबर दिले, शून्यं दिली, पुसून भरलं, नव्व्याण्णव केलं.

"दादा, आवक कशी केलीत?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे फाइली आत कशा टाकल्या? माझ्यासमोर टाकून दाखवा."

मी लॅपटॉप खोक्यावर ठेवला, पेन ड्राइव्ह पुसला, आणि नेहमीसारखं केलं. पहिल्यापासून खालपर्यंत निवडत आलो, शेवटच्या फाइलीवर पोचलो, तिला धरलं, ओढलं, सोडलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली.

"थांबा," सुनंदा म्हणाली. "वाचा, आधी कोण चाललंय आत?"

मी वाचलं. भैरवी.

"ज्याला धरून ओढलंत तो आधी आत शिरला, बाकीचे त्याच्या मागून. दरवेळी तुम्ही भैरवीलाच धरताय."

"पण नंबर तर..."

ती दारात गेली आणि बाहेरच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या पिकअपवर काय लिहिलंय बघा. 'एक नंबर'. पण उभा कुठंय? पार मागं. लिलाव करणारा काय गाडीवरचं वाचतो का? गेटवर आधी कोण आला ते बघतो. तुमचा स्टिरिओ जुना आहे. तो नाव वाचतच नाही, दादा. आवक बघतो."

मी बावीस वर्षं क्रम लावतोय. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर लेबल असतं आणि मशीन ते लेबल वाचतं. आधी कोण आलं याला आमच्याकडे किंमत नाही. म्हणून मी सकाळपासून लेबलं बदलत बसलो होतो, आणि गेटकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"स्टोअरमध्ये काम केलं की एवढं कळतं," सुनंदा म्हणाली. वर तिने मला अजून एक धपाटा वाढला, ते मला जास्त लागलं.

मग तिने सांगितल्याप्रमाणे एकेक फाइल टाकली. नमन टाकलं, पूर्ण जाऊ दिलं. मग दुसरी. मग तिसरी. अकरावी भैरवी. गाडीत नेऊन लावलं. एक नंबर आला, आणि स्पीकरमधून आधी कोणाचा तरी खोकला, मग टाळांचा एक ठोका, आणि मग आप्पांचा पंचेचाळिशीतला आवाज. नमन.

बबनरावांना पुढच्या सीटवर बसवायला आम्हा तिघांना दहा मिनिटं लागली. खुबा वळत नव्हता. शेवटी आधी पाठ आत, मग एकेक पाय, असे ते बसले. आप्पा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. जन्मात गाडी न चालवलेला माणूस, पिशवीतून टाळ काढून स्टिअरिंगवर हात टेकून बसला. काचा वर केल्या, दारं लावली. मी आणि सुनंदा पायरीवर बसलो.

बाहेरून आम्हाला शब्द कळत नव्हते. फक्त मृदंगाचा डावा हात दारांच्या पत्र्यातून येत होता, घुम, घुम. कांद्याचे टेम्पो हॉर्न वाजवत होते, हमाल गोण्या उचलत होते, आणि त्या सगळ्यात आमची गाडी आतून घुमत होती. बबनरावांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले होते. आधी नुसते ठेवले होते. रूपाच्या अभंगाला त्यांची बोटं हलली. गौळणीपर्यंत ते पुरते वाजवायला लागले होते आणि आप्पांची मान डोलत होती. सुनंदा म्हणाली, "खुबा मोडल्यापासून यांनी कशालाच हात लावला नव्हता." आणि ती तोंड फिरवून रांगेकडे बघत राहिली. मलाही रडू आलं. कांद्याच्या बाजारात रडण्याची एक सोय असते, कोणी कारण विचारत नाही.

दहावा अभंग संपला. मी घड्याळ पाहिलं, सव्वा तास झाला होता. आता भैरवी, मग उठायचं, मग निघायचं, असं मनात म्हणतोय, तेवढ्यात गाडीतला आवाजच बंद झाला.  एवढं करून शेवटी अकरावी फाइल दगा देते की काय, म्हणून मी धावत जाऊन दार उघडलं.

पेन ड्राइव्ह आप्पांच्या मुठीत होता. त्यांनीच ओढून काढला होता.

"आप्पा, भैरवी राहिली."

"ठावं हाय."

"अहो, सकाळपासून ती शेवटी यावी म्हणून..."

"आली की शेवटी. तुजं काम झालं, दिनू. लई चांगलं केलंस." ते समोरच्या काचेतून रांगेकडे बघत होते. "पर भैरवी झाली का उठावं लागतं."

बबनरावांना किती ऐकू गेलं कोण जाणे. ते डॅशबोर्डवरचे हात न उचलता म्हणाले, "बुवा, आज भैरवी नको. बसू अजून."

आणि ते बसले. दार पुन्हा लावून, काही न वाजवता, पाऊण तास. काय बोलत होते ते मी विचारलं नाही.

बबनरावांना गाडीतून उतरवून आम्ही निघताना सुनंदाने स्वतःचा पेन ड्राइव्ह दिला, तिकडे नेण्यासाठी भजन भरून मागितलं. मी लॅपटॉप उघडला तसा आप्पा म्हणाले, "धाच दे. भैरवी देऊ नगंस. आन आपल्यातली बी काढ."

"का?" सुनंदाने विचारलं.

"बबनला ऐकायची आसंल तर हिकडं यावं लागंल," आप्पा म्हणाले.

बबनराव हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "येतो की. कणीक भिजवून ठेव."

इथे एक छोटा अपघात सांगायचा राहिला. इंजिन बंद ठेवून सव्वा तास भजन केल्यावर जुन्या बॅटरीचं जे व्हायचं ते झालं, गाडी सुरूच होईना. सुनंदाने रांगेतल्या चार हमालांना हाक मारली. त्यांनी "बोला पुंडलिक वरदे" म्हणत गाडी ढकलली आणि ती तिसऱ्या धक्क्याला धरली. त्या गडबडीत निरोप असा घेताच आला नाही. गाडी पुन्हा बंद पडेल म्हणून थांबता येत नव्हतं. आरशात पाहिलं तर बबनराव वॉकर धरून दारात उभे होते आणि हात वर करायला त्यांना वॉकर सोडता येत नव्हता.

परतीचा रस्ता जाण्याच्या रस्त्यासारखाच होता, फक्त उन्हाची बाजू बदलली होती. कुरुळीला कंपन्यांच्या बसेस सुटल्या आणि सगळं ठप्प झालं. आप्पांनी पेन ड्राइव्ह लावला. नमन, रूप, उपदेश, सगळं मी ठरवलं होतं तसं येत गेलं. माझे डोळे मिटत होते. मी विचार करत होतो, की मला क्रम लावता येतो, पण कशाचा शेवट कधी करायचा नाही हे मला कोणी शिकवलेलं नाही. आमच्या लाइनवर शेवटची गाडी आली नाही तर चौकशी बसते. आप्पांनी तीस वर्षं कारखान्यातच काम केलं आणि हे कुठून शिकले, कोण जाणे.

मोशीच्या अलीकडे गौळण संपली. म्हणजे दहाही झाले. मी स्टिरिओ बंद करायला हात पुढे केला. सकाळपासून एवढं ऐकून माझे कान किटले होते, आणि भैरवी काढल्यावर पुढे काही उरलंही नव्हतं.

आकडा बदलला. एक. खोकला, टाळांचा ठोका, आणि नमन.

आप्पांनी टोपी सारखी केली आणि पाय सीटवर घेऊन मांडी घातली.